माळ्यावरचा रुमाल आणि पानिपतचा पूर्वज

पत्र : मी २७ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. दिवाळीत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या पेटीत लाल कापडात बांधलेले मोडी कागद सापडले. साठ-सत्तर तरी असतील. चुलतभाऊ म्हणतो, जुन्या वस्तू घेणारा एक जण ओळखीचा आहे, चांगले पैसे देईल. तालुक्याला मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी वरचा कागद वाचून दिला. ती इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे दिलेली कैफियत, म्हणजे लेखी निवेदन, निघाली. आमचा पूर्वज भाऊसाहेबांबरोबर जाऊन पानिपतात कामी आला, त्याबद्दल ही जमीन इनाम मिळाली, असं तिच्यात लिहिलंय. बाबांनी हीच गोष्ट आजोबांकडून ऐकली होती. ते आता कैफियत फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार म्हणतात. मला आनंद झाला आणि शंकाही आली. घरच्या ग्रुपवर इतिहासावरून रोज भांडणं होतात, त्यांचा कंटाळा आलाय. मराठ्यांचा इतिहास मला मूळ कागदांतून, स्वतः वाचायचाय. सुरुवात कुठून करू? आणि कैफियत खोटी निघाली तर बाबांना काय सांगू? वयाने मी तुमच्या मुलीसारखी आहे, अहो-जाहो करू नका.

उत्तर :

बरं, तू म्हणते.

आधी चुलतभावाचं, कारण तेच तातडीचं आहे. कागद विकू देऊ नकोस. घेणारा माणूस गठ्ठा फोडणार, त्यातले शिक्क्याचे, देखणे तेवढे वेगळे काढणार, आणि बाकीचे रद्दीत जाणार. पेशवे दफ्तरात अशा कापडी गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. तुझ्या घरात सापडला तोही रुमालच. त्यात कोणता कागद कोणत्या कागदाच्या घडीत होता, सनदेशेजारी कोणती पावती होती, हे सगळं कोणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. म्हणून सोडशील तेव्हा त्याच क्रमाने एकेक कागद काढ, पाकीट कर, पाकिटावर पेन्सिलीने नंबर टाक. कागदावर काही लिहायचं नाही. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नकोस, तशीच राहू दे. प्रत्येक कागदाचे पुढून आणि मागून फोटो काढ. मागून का, ते पुढे सांगते. फ्रेमचा बेतही थांबव. सतत उजेडात राहिला की कागद ठिसूळ होतो, आणि फ्रेम केलेल्या कागदाची पाठ कायमची भिंतीकडे जाते. बाबांना दिवाणखान्यात हवी असेल तर फोटोची मोठी प्रत काढून लाव.

आता कैफियत. तू मला जो फोटो पाठवलास त्यावरून मी एवढंच म्हणेन की कागद बनावट वाटत नाही. पण कागद अस्सल असणं आणि त्यातला मजकूर खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ कागदांतून इतिहास वाचायचा म्हणतेस, तर पहिला धडा तुझ्या हातात आयताच आला आहे.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुढे कंपनी सरकारने इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने तिला जोर आला. इनामदाराला सरकार विचारत होतं, ही जमीन तुला कोणी दिली, कधी दिली, कशाबद्दल दिली? दाखव. पुरावा पटला नाही तर जमिनीला पूर्ण सारा लागणार होता. कित्येकांची इनामं या चौकशीत गेली. तुझी कैफियत त्या भीतीच्या सावलीत लिहिलेली आहे. लिहिणाऱ्यापुढे साहेब बसलेला आहे, आणि घरातल्या माणसांचं पोट ज्या जमिनीवर चालतं ती वाचवायची आहे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे मधे नव्वदएक वर्षं गेली. लिहिणाऱ्याने लढाई पाहिलेली नाही, बहुधा त्याच्या बापानेही नाही. त्याने आजोबा-पणजोबांकडून आलेली गोष्ट लिहिली. ती खरी असेल. सारा टाळण्यासाठी थोडी वाढवली असेल. किंवा माणूस पानिपतात गेला हे खरं आणि इनाम मात्र त्याच्याही आधीचं, असंही निघेल. हा एक कागद यातलं काहीच ठरवू शकत नाही.

मग तो कशाचा पुरावा आहे? १८५० च्या दशकात तुझं घराणं त्या गावात ती जमीन खात होतं, स्वतःला अमुक नावाने ओळखत होतं, पानिपतची गोष्ट तेव्हाही घरात सांगितली जात होती, आणि ती सरकारदरबारी वजनदार ठरेल असं त्यांना वाटत होतं, याचा. हे थोडं नाही. लढाईनंतर तीन-चार पिढ्यांनी पानिपत हे नाव गावच्या माणसाच्या तोंडी कसं होतं, ते कुठल्या बखरीत सापडायचं नाही.

पुढचा शोध कुठे घ्यायचा, तेही सांगते. कैफियतीत सनदेचा उल्लेख असेल तर तिची तारीख बघ आणि रुमालात सनद किंवा तिची नक्कल आहे का ते शोध. लढाईत माणूस पडला की त्याच्या मुलाबाळांसाठी सरकारातून जी नेमणूक किंवा जमीन मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. हा शब्द दिसला तर थांब आणि मला कळव. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत, तिथे गाव आणि परगणा घेऊन जायचं. त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून निवडून छापलेले उतारे चाळ. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा भाग तुझ्या कामाचा, कारण पानिपतच्या पडलेल्यांची सोय लावायचं काम त्यांच्याच काळावर येऊन पडलं होतं. दोन ठिकाणचे कागद एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगू लागले, की मग ती मानायला हरकत नाही.

याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण शिवजन्माचं. बखरींवरून शके १५४९ वैशाख, म्हणजे इसवी १६२७, हे साल पक्कं धरलं जात होतं. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती, वर्षवार कोरड्या नोंदींची. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी नोंद निघाली. एका घराण्याच्या टिपणावरून एवढं साल बदलायचं का, हा वाद साहजिकच झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण परमानंदाच्या शिवभारतात, जे महाराजांच्या हयातीतलं संस्कृत काव्य आहे, तीच तिथी आहे. जोधपूरकडच्या जन्मपत्रिकांच्या संग्रहातल्या पत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. कारीतला टिपणकार, दरबारचा कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी यांनी बसून संगनमत केलं असेल, असं म्हणता येत नाही. बखरी मात्र उशिराच्या. सभासदाची बखर त्यातल्या त्यात जवळची, ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. चिटणिसांची तर एकोणिसाव्या शतकातली. आज १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ती तारीखसुद्धा जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च येतो. वार दोन्हीकडे शुक्रवारच.

हे सगळं एका घरच्या कागदांतून सुरू झालं, म्हणून तुझ्या माळ्याची मला एवढी काळजी.

सुरुवात कुठून करू, या प्रश्नाचं माझं उत्तर पानिपतच. घरची ओढ आहे तिथूनच शिरावं. मोडी येईपर्यंत थांबायचं कारण नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांच्या पत्रांचाच आहे, आणि छापील देवनागरीत आहे. प्रस्तावना शेवटी वाच. राजवाड्यांची मतं जबरदस्त आहेत, आणि ती आधी वाचलीस तर पत्रं त्यांच्याच डोळ्यांनी वाचशील. १७६० च्या उन्हाळ्यापासूनची पत्रं काढ आणि मोठ्याने वाच. ही भाषा कानाने लवकर कळते, डोळ्यांनी उशिरा. पहिले आठ दिवस काही समजणार नाही, मग अचानक सदाशिवरावभाऊ बोलायला लागतील.

आणि काय बोलतात? उत्तरेत मराठ्यांची वसुली पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना ते पुन्हा पुन्हा लिहितात, पैसा पाठवा, ऐवज पाठवा, यमुना उतरायला नावा जमवा, धान्य पाठवा, अब्दालीच्या पिछाडीला धामधूम करा. पत्रागणिक सूर कडक होत जातो. तलवारीचा खणखणाट शोधायला गेलेल्या माणसाला तिथे हिशेब सापडतो. मला स्वतःला या पत्रांनी जेवढं हलवलं तेवढं कुठल्या वर्णनाने हलवलं नाही, कारण लिहिणाऱ्याला शेवट माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. गोविंदपंतांची बाजूही तिथेच शोध. प्रदेश मोठा, वसुली थकलेली, आणि डिसेंबरात ते अब्दालीच्या फौजेच्या छाप्यात मारले गेले. भाऊंच्या रागावरून पंतांना कामचुकार ठरवणारे पुष्कळ भेटतील. पण रागाचं पत्र हा रागाचा पुरावा असतो, कामचुकारीचा होतोच असं नाही.

मग एक गोष्ट तुझ्या लक्षात येईल. नोव्हेंबरात लष्कर पानिपतला कोंडलं गेलं आणि छावणीतली पत्रं विरळ होत होत थांबली. शेवटच्या दिवसांचं जे आपण सांगतो त्यातलं बरंचसं नंतर लिहिलेलं आहे. काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या गोटात. त्याने वीसएक वर्षांनी फारसीत लिहिलं. पेला काठोकाठ भरला, अशी भाऊंची शेवटची चिठ्ठी आली, हे आपल्याला त्याच्याकडून कळतं. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. ते रणातून जीव घेऊन निघाले, आई मागे राहिली ती परत आली नाही, आणि हे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहिलं. तेही नंतर, स्वतः मोठे कारभारी झालेल्या माणसाने. तिसरी भाऊसाहेबांची बखर. तिची भाषा इतकी सुंदर आहे की ती वाचताना वही-पेन्सिल जवळ ठेव, म्हणजे वाहून जाणार नाहीस. तिघांना शेजारी बसव. कुठे जुळतात ते लिही, कुठे फुटतात तेही लिही.

याच निमित्ताने एक अभ्यास देते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हा पानिपतच्या पराभवाचा, सावकाराच्या पत्रातला सांकेतिक निरोप तुला पाठ असेल. बहुतेक जण त्याच्याआधी 'लाख बांगडी फुटली' म्हणतात. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासात हा निरोप आहे. मोती आहेत, मोहरा आहेत, चांदी-तांबं आहे, बांगड्या नाहीत. बांगडी पहिल्यांदा कोणत्या छापील किंवा हस्तलिखित मजकुरात येते, ते मागे मागे जात शोध. उत्तरापेक्षा शोधताना उघडावी लागतील ती दहा पुस्तकं तुला जास्त शिकवतील.

मोडी आता. घाबरू नकोस. तुझ्या पणजीच्या पिढीपर्यंत हिशेब त्याच लिपीत होते. आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली असते आणि तिच्याखाली बोरूने न थांबता लिहिलेलं असतं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग भरतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाड्यांनीच १९१० मध्ये स्थापलेलं. तिथे जात जा, माणसं भेटतील. अक्षर दोन महिन्यांत येतं. खरा वेळ संक्षेपांना लागतो. रा॥ म्हणजे राजश्री, मौ॥ म्हणजे मौजे, असे शेकडो. फारसी शब्दही भरपूर, पण त्यातले अर्धे तुला तलाठ्याच्या कागदांवरून माहीत आहेत.

तारखांपाशी मात्र जिवाला जप. बहुतेक पत्रांत साल लिहिलेलं असतं ते शुहूर सनाचं, तेही अरबी शब्दांत, आणि एककापासून सुरू करून. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिना आणि दिवस मुसलमानी चांद्रमासाचे, आधी 'छ' घालून. इहिदे सितैनाबरोबर जमादिलाखर दिसला तर तो पानिपतच्या रणाचाच महिना. मी माझ्या पहिल्या निबंधात माघातल्या एका पत्राला ५९९ मिळवले होते. पत्र वर्षभर मागे गेलं, आणि त्यात ज्याच्या मृत्यूची बातमी होती तो माणूस पुढच्या आठ महिन्यांच्या कागदांत जिवंत सापडला. निबंध वर्गात वाचून झाल्यावर ते ध्यानात आलं. तेव्हापासून जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, उघडल्याशिवाय मी एकही तारीख लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तुझ्या रुमालात लढाईबिढाई फारशी निघणार नाही, हे आधीच सांगते. गहाणखतं निघतील, देणं मिटल्याच्या फारखती, वाटण्या, पाण्याच्या पाळीवरून तंटे. एखादा महजर निघाला तर नशीब समज. गोतसभेपुढे वाद झाला की त्याचा निवाडा महजरावर लिहीत आणि लिहिता न येणारे खाली आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची त्यांच्या त्यांच्या कामाची हत्यारं. त्या माणसांनी इतिहासाच्या कागदावर हात टेकवल्याची जागा तेवढीच. राज्य कशावर उभं होतं, हे कळायला मला तरी तहनाम्यांपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडले. महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र वाच. पावसाळ्याआधी दाणा-वैरण आताच उधळून टाकू नका, नाहीतर घोडी मरतील. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. कुणब्यांच्या घरचं काही घेऊ नका, घेतलंत तर त्यांना मोगल बरे वाटतील. छत्रपती उंदराचा विचार करतो, हे मला कुठल्याही पोवाड्याहून मोठं वाटतं.

शत्रूचे आणि व्यापाऱ्यांचे कागदही टाळू नकोस. हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर होता, पण आला होता राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला, त्याची नजर त्याच हिशेबाची आहे. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरांत पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं. ते पुढे कधीतरी.

घरच्या ग्रुपबद्दल एवढंच. कोणी पत्र टाकलं की विचार, कुठल्या खंडात छापलंय, लेखांक किती? शिवाजीमहाराजांचं अस्सल पत्र म्हणून फोटो आला तर शेवट बघ. मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब, म्हणजे समाप्तीची मुद्रा, उठवत, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवायला नको. नसली तर ती नक्कल असेल, किंवा आणखी काही. उत्तर मिळालं नाही तर वाद तिथेच सोड.

आता बाबा. त्यांना 'खोटं' हा शब्द ऐकवू नकोस, कारण तो बरोबरही नाही. कैफियत त्यांच्याबरोबर बसून वाच. ती लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्यांना मोठ्याने वाचू दे. पानिपतात गेलेल्याचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याने साहेबापुढे उभं राहून जमीन राखली त्याचं नाव बहुधा कोणालाच माहीत नसतं, आणि तुझ्याकडे त्याचा हा कागद आहे. मग एक वही घे आणि पानिपतची गोष्ट बाबांच्याच शब्दांत उतरव. त्यांना ती कोणी सांगितली, कधी, कुठे बसून, त्या सांगणाऱ्याला कोणी सांगितली होती, सगळं. मधे टोकू नकोस, दुरुस्त करू नकोस. आजची तारीख घाल, खाली त्यांची सही घे. ती वही पेटीतच रुमालाशेजारी ठेव. ती कैफियतीशी कुठे जुळते आणि कुठे नाही, हे नंतर दोघांनी मिळून बघा. माझ्या अनुभवात वडीलमाणसं पुराव्याने दुखावत नाहीत, आपल्याला न विचारता निकाल लावला की दुखावतात.

आणि तू मला कैफियतीची फक्त पुढची बाजू पाठवलीस. मागच्या बाजूला दाखल झाल्याची तारीख, शेरा, कधी कधी निकालही असतो. रविवारी गावी जाशील तेव्हा खिडकीजवळच्या उजेडात ती बाजू नीट बघ आणि तिचा फोटो धाड.